कथलाची गरी

मनात सहापर्यंत मोजायचं. स्पिरिटच्या दिव्याची निळसर ज्योत, चिमट्यात धरलेला गळ, त्याच्या मानेशी हरभऱ्याएवढं धातूचं डोकं, आणि मी मोजतेय. एक, दोन, तीन. चारनंतर मोजणं आपोआप घाईचं होतं, ते आवरायचं. सहा झाले की जिग ज्योतीतून काढायची, रंगाच्या भुकटीत बुडवायची, एक हेलकावा द्यायचा आणि लगेच वर. बाहेर येते तेव्हा अंगाला पीठ लागल्यासारखी दिसते, कोरडी आणि फिकट. मग त्या पिठाला जणू पाणी सुटतं. कडेकडेनं चमक चढत जाते, कण एकमेकांत विरतात, आणि आत्ता धुळीसारखं होतं ते ओल्या काचेसारखं होऊन बसतं. अकरा वर्षं मी हे बघते आहे, आणि अजूनही तेवढ्या वेळात माझा श्वास अडकतो.

जिग म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्या मालवणकडे गरी वेगळी आणि शिसं वेगळं. तंगुसाच्या टोकाला शिसं बांधायचं, वीतभर वर गरी, तिला सुंगट ओवायचं आणि खाडीत सोडून द्यायचं. जिगमध्ये हे दोन्ही एकच झालेलं असतं. गळाच्या नेढ्याखाली धातूचं डोकं ओतून कायमचं बसवलेलं, आणि डोक्यामागे एक बारीक काटा, रबरी शेपूट किंवा जिवंत छोटा मासा घसरू नये म्हणून. वजनं औंसात मोजतात: एक सोळांश, एक अष्टमांश, पाव. अष्टमांश म्हणजे साडेतीन ग्रॅम. ही जिग तळापर्यंत सोडायची, मनगटाच्या हलक्या झटक्यानं उचलायची आणि पुन्हा पडू द्यायची. मासा धरतो तो बहुतेक वेळा ती पडत असताना. उचलणं माणसाच्या हातात असतं, पडणं जिगच्या वजनावर. ही गोष्ट पुढे लागणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

मी राहते ब्रेनर्डला. मिनेसोटा राज्याच्या मध्यावरचं, मिसिसिपीच्या काठचं गाव. इथल्या गाड्यांच्या नंबरपाटीवर दहा हजार तळ्यांचा प्रदेश असं लिहिलेलं असतं, पण दहा एकरांची आणि त्याहून मोठी तळी मोजली तर ती 11,842 भरतात. नोव्हेंबरच्या अखेरीपासून ती गोठायला लागतात आणि एप्रिल सरता सरता मोकळी होतात. मेच्या मध्यावर एका शनिवारी वॉलाय माशाचा हंगाम उघडतो. वॉलाय हा 1965 पासून या राज्याचा मासा आहे, आणि तो शनिवार इथे सणासारखा उजाडतो: आदल्या रात्री होड्या धुऊन तयार, रस्त्यांवर गर्दी. मधल्या महिन्यांत काहीजण बर्फाला भोक पाडून मासे धरतात. बाकीचे गॅरेजमध्ये बसून पुढच्या मेची तयारी करतात.

अशाच एका गॅरेजमध्ये मी रंगवायला शिकले. शेजारच्या बाई तेव्हा 71 वर्षांच्या होत्या. नवरा ओतायचा, बायको रंगवायची, असा त्यांचा चाळीस हिवाळ्यांचा क्रम होता. त्या वर्षीच्या शरदात तो गेला. जानेवारीत एका संध्याकाळी मी डब्यात शिरा घेऊन गेले तर त्या गॅरेजमध्ये बसलेल्या, समोर कॉफीचा जुना पत्र्याचा डबा, आणि त्यात त्याने ओतून ठेवलेल्या शेकडो जिगा. करड्या, बिनरंगाच्या. त्या म्हणाल्या, रंगवायला दोन हात पुरतात, पण धरायला आणि बोलायला आणखी दोन लागतात. मी कोट काढला आणि बसले. इथल्या रीतीप्रमाणे त्यांना नुसत्या नावाने हाक मारायची असते. माझ्या तोंडून ते अजूनही सहज निघत नाही. मनात मी पहिल्या आठवड्यातच तिला मावशी करून टाकलं होतं, आणि एकदा मावशी म्हटलं की ‘त्या’ची ‘ती’ व्हायला वेळ लागत नाही.

तिने पहिली जिग तापवली, भुकटीत बुडवली, ती चमकली, आणि मला नवसागराचा वास आला. खरोखर आला. गॅरेजमध्ये नवसागर नव्हता, पण नाकाला पस्तीस वर्षांपूर्वीची आठवण झाली होती. पाऊस सरला की आमच्या वाडीत कल्हईवाला यायचा. फणसाखाली खड्डा खणून कोळशाची भट्टी लावायचा आणि चामड्याचा भाता दाबत बसायचा. आजी माळ्यावरून पितळेची पातेली काढून द्यायची. पातेलं तापलं की चिमूटभर नवसागर, त्याचा पांढरा धूर, मग कथलाची कांडी तापल्या पितळेला टेकवायची. ती लोण्यासारखी वितळायची, आणि कापसाच्या बोळ्यानं एका फिरकीत तो ते सगळीकडे पसरायचा. काळवंडलेलं पोट चांदीसारखं पांढरं व्हायचं. शेवटी पाण्यात बुडवलं की चर्र आवाज. आम्ही पोरं त्या आवाजासाठी थांबायचो.

कल्हई उडालेल्या पातेल्यात आजी ताक ठेवू द्यायची नाही, सोलकढी तर नाहीच. आंबट घातलं की पितळेत ते कळकायचं, तोंडाला हिरवट चव यायची आणि पोट बिघडायचं. म्हणजे कल्हई शोभेची नव्हतीच. धातू आणि खाणाऱ्याचं तोंड यांच्यामध्ये घातलेला तो पदर होता. जिगवरचा रंग कोणाच्या आणि कशाच्या मध्ये असतो, हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचायला सात वर्षं गेली.

पहिल्या हिवाळ्यात माझ्या जिगा जाड व्हायच्या, लिंपल्यासारख्या. खाली रंगाचा थेंब लोंबायचा आणि तसाच घट्ट व्हायचा. चूक ज्योतीची आहे असं मी समजत होते. निम्मी चूक डबीची होती. डबीत पडून राहिलेली भुकटी स्वतःच्या भाराने दडपते. तिच्यात तापलेली जिग घातली की ती मूठभर भुकटी ओढून घेते. मावशी दर वेळी आधी काट्यानं भुकटी उकरायची, रवा मोकळा करतात तशी. आणि नेटके थर हवे असले की ती नवऱ्यानं बनवलेला पेला काढायची. प्लास्टिकच्या जाड पाइपाचा तुकडा, त्याच्या बुडाशी कॉफी गाळायचा कागद ताणून बसवलेला, आणि कागदाखाली माशांच्या काचपेटीतला हवेचा छोटा पंप. पंप सुरू केला की हवा कागदातून झिरपत वर येते आणि भुकटी फुगते. वर येते, हलते, पेला तिरपा केला तर पाण्यासारखी पातळी धरते. तिच्यात बोट घातलं तर हाताला काहीच लागत नाही. कोरडी आहे आणि तरी ओली वागते. त्या पेल्यात बुडवलेल्या जिगेवर रंग इतका पातळ आणि सारखा बसतो की डोक्यावरचे खवल्यांचे बारीक खाचे तसेच दिसत राहतात.

ही युक्ती गॅरेजात जन्मलेली नाही. 1950च्या दशकात जर्मनीत एर्विन गेमर यांनी तापलेली वस्तू हवेवर तरंगत्या भुकटीत बुडवून लेप चढवण्याची पद्धत काढली. एवढं मोठं कारखानदारीचं ज्ञान कॉफीच्या कागदावर आणि काचपेटीच्या पंपावर उतरवणाऱ्या त्या न पाहिलेल्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. माझे बाबा त्याच जातीचे. सायकलच्या ट्यूबमधून काय काय निघू शकतं, हे त्यांना बघून कळायचं.

रंगवण्याआधी साफ करणं हे अर्ध्याहून जास्त काम. ओतताना साच्याच्या तोंडाशी राहिलेलं शेपूट कापायचं, साच्याच्या दोन फळ्यांमधून निघालेली कड कानशीनं घासायची, आणि मग जिग पुसून कोरडी करायची. बोटाचा तेलकटपणाही उरता कामा नये, नाहीतर त्या जागी रंगाला फोड येतो. घासलेल्या शिशाची धूळ सगळ्यात वाईट. म्हणून मावशीचे नियम कडक होते: तोंडाला मास्क, गॅरेजचं दार थोडं उघडं, मग बाहेर उणे 20 असलं तरी. गॅरेजमध्ये कॉफीचा कप आणायचा नाही. काम झालं की हात साबणाने दोनदा धुवायचे, आणि त्या कपड्यांनी स्वयंपाकघरात जायचं नाही. ओतायचं काम तिने मला त्या वर्षी शिकवलंच नाही. वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला तर त्याची वाफ शिसं घेऊन उडते, हे तिने मला तीन वेळा सांगितलं. तिच्या नवऱ्याच्या मनगटावर त्याचा पांढरा डाग होता म्हणे.

मला सगळ्यात आवडतो तो दुसरा रंग. पहिला थर चमकला की तो गार व्हायच्या आत कुंचल्यावर दुसऱ्या रंगाची भुकटी घ्यायची आणि जिगेच्या वर धरून कुंचल्याच्या दांड्याला बोटाने टिचकी मारायची. भुकटी भुरभुरत पडते आणि पडेल तिथे वितळते. पाठ हिरवी, पोट पिवळं, मधली सीमा कुठेच रेघेसारखी नाही, नुसती सरकत गेलेली. मावशीला हे जमायला एक हिवाळा लागला होता. मला पहिल्याच दिवशी जमलं, कारण भुकटी किती सोडायची हे माझ्या बोटांना माहीत होतं. दारातल्या रांगोळीत रंग भरताना चिमटीतून तो असाच सोडतात: हात हलत राहतो आणि चिमूट कधीच पूर्ण उघडत नाही. मी तिला रांगोळी समजावून सांगितली. उंबऱ्याबाहेर काढायची, दुसऱ्या दिवशी झाडून टाकायची. ती थोडा वेळ विचारात पडली आणि म्हणाली, म्हणजे जिगसारखंच, ती पण दुसऱ्या दिवशी तळाच्या दगडात अडकून जाते.

मग सुई घ्यायची आणि रंग मऊ आहे तोवर नेढ्यातून फिरवायची. हे विसरलं तर मेच्या गार पहाटे, हलत्या होडीत, बधिर बोटांनी रंगाने बुजलेलं नेढं टोकरत बसावं लागतं. शेवटी डोळे. त्यासाठी कुंचला नको, दोन खिळे पुरतात. मोठ्या खिळ्याचं डोकं पांढऱ्या द्रवरंगात बुडवून एक ठिपका, तो वाळला की लहान खिळ्याने त्यात काळा. मावशीचा काळा ठिपका नेहमी किंचित पुढे असायचा, त्यामुळे तिच्या जिगा कुठेतरी निघाल्यासारख्या दिसायच्या. हजार जिगांतून तिची ओळखू येते.

डोळे काढायच्या आधी भट्टी असते. ज्योतीवर रंग वितळतो तेव्हा तो नुसता वितळतो. पुन्हा तापवला तर पुन्हा वितळेल, आणि दगडावर आपटला तर टवके उडतील. भुकटीच्या प्रत्येक कणात राळेबरोबर तिला घट्ट करणारं द्रव्यही मिसळलेलं असतं, आणि ते कामाला लागायला वेळ आणि सारखी उष्णता लागते. म्हणून जिगा तारेला टांगून छोट्या ओव्हनमध्ये ठेवायच्या: 350 अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण 177 सेल्सिअस, वीस मिनिटं. तेवढ्यात राळेचे रेणू एकमेकांत असे गुंफले जातात की विरजलेलं दूध जसं परत दूध होत नाही, तसा तो रंग परत पातळ होत नाही. या ओव्हनवर मावशीने लाल रंगाने मोठी फुली मारली आहे. त्यात पाव भाजायचा नाही, कधीही.

सात वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात बाबा इथे आले होते. निवृत्त शिक्षक, वय 74, आणि जन्मभर कर्लीच्या खाडीत गरवलेले. मावशीने त्यांच्या हातावर एक रंगवलेली जिग ठेवली. त्यांनी ती तळहातावर तोलली, उलटी केली, गळाच्या टोकाला अंगठ्याच्या नखावर टेकवून धार बघितली. मग मला विचारलं, “माशाक रंग दिसता काय गो?”

मला उत्तर येत नव्हतं म्हणून मी शोधलं. वॉलायच्या डोळ्यात प्रकाश परतवणारा थर असतो, मांजराच्या डोळ्यासारखा. त्यामुळे तो मंद उजेडात शिकार करतो आणि विजेरीच्या झोतात त्याचे डोळे चकाकतात. रंग ओळखणाऱ्या पेशी त्याच्याकडे दोन प्रकारच्या: एक नारिंगी-तांबड्याला जागी होणारी, दुसरी हिरव्याला. म्हणजे काही रंग त्याला चांगले दिसतात. पण ते त्याच्यापर्यंत पोचायला हवेत. निवळ पाण्यात तांबडा प्रकाश सगळ्यात आधी विझतो, चार-पाच मीटर खाली लाल जिग करडी होऊन जाते. उत्तरेकडच्या ज्या तळ्यांत दलदलीतलं पाणी उतरतं त्यांचा रंग कोऱ्या चहासारखा असतो, आणि तिथे उलट निळा आधी जातो. सोनेरी, नारिंगी टिकून राहतात. इथली माणसं शार्ट्रूज नावाच्या पोपटीकडे झुकणाऱ्या पिवळ्यावर इतका जीव टाकतात ते उगाच नाही. बऱ्याच प्रकारच्या पाण्यांतून तो माशाच्या डोळ्यापर्यंत पोचतो. मी हे सगळं बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “म्हंजे रंग पाण्याक बघून लावचो.” मावशीला मी भाषांतर करून सांगितलं. तिने ते वाक्य पेन्सिलीने गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवलं आहे, इंग्रजीत.

त्याच दुपारी बाबांनी आणखी एक गोष्ट दाखवली. शिशाचा छोटा मणी घेतला, खिशातल्या तंगुसावर ठेवला आणि दाढेखाली दाबून चेपला. खाडीवर सगळे असंच करायचे. मलाही त्यांनीच शिकवलं होतं, आठव्या वर्षी. मावशीने झटकन पुढे होऊन हात धरला आणि त्यांना चूळ भरायला लावली. त्यांना राग आला नाही, आश्चर्य वाटलं. शिशाची चव गोडसर असते, ते म्हणाले. मला ती चव आठवत होती.

लून या पक्ष्याबद्दल सांगायचं मी इतका वेळ टाळलं. काळं डोकं, गळ्यात पांढऱ्या रेघांचा पट्टा, पाठीवर चौकोनी ठिपके, आणि गुंजेसारखा लाल डोळा. 1961 पासून तो मिनेसोटाचा राज्यपक्षी. हिवाळा समुद्रावर काढून बर्फ वितळताच परत येतो, आणि रात्री तळ्यावरून त्याचा लांबट हंबरडा ऐकू आला की नव्या माणसाच्या अंगावर काटा येतो. पिल्लं आईबापांच्या पाठीवर बसून फिरतात. दात नसल्यामुळे लून तळातले बारीक खडे गिळतो. पोटातल्या स्नायूंच्या पिशवीत ते खडे जात्यासारखे फिरतात आणि माशांचे काटे दळतात. दगडात अडकून तुटलेली जिग त्याला खड्यासारखीच दिसते. कधी जिग अडकलेला मासाच त्याच्या तोंडी लागतो. मग ती जिगही जात्यात जाते. शिसं दळलं जातं, आम्लात विरघळतं, रक्तात उतरतं. एक लहान जिग पुरते.

चार वर्षांपूर्वी जूनमध्ये मावशी आणि मी तळ्यावर गेलो तेव्हा काठावरच्या गवतात एक लून बसलेला होता. लूनचे पाय शरीराच्या फार मागे असतात, त्याला जमिनीवर धड चालता येत नाही. घरट्याखेरीज तो काठावर येत नाही. याच्याजवळ घरटं नव्हतं. पंख लोंबत होते. आम्ही जवळ गेलो तरी त्याने पाण्याकडे सरकायचा प्रयत्न केला नाही. मावशीने स्वतःचा कोट त्याच्यावर टाकला आणि त्याला मांडीवर घेतलं. जंगली पक्ष्यांच्या दवाखान्यापर्यंतचं सबंध अंतर मी गाडी चालवत होते आणि मागे कोटाखालून काहीच आवाज येत नव्हता. दुसऱ्या दिवशी तो गेला. क्ष-किरणाच्या चित्रात पोटात एक पांढरा ठिपका होता आणि त्याला बारीक आकडा. काढल्यावर बघितलं तर जिगेवर रंगाचा कणही उरलेला नव्हता.

परत येताना मी विचारलं, आपली असेल का? ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “रंग राहिला असता तर मी ओळखली असती.”

त्या रात्री मला आजीचं पातेलं आठवलं. आमच्या रंगाची मला किती खात्री होती! वीस मिनिटं भाजलेला, दगडावर न उडणारा. पण तो ज्योत, दगड, दात इथपर्यंतच खरा होता. जात्यात तो टिकायचा नव्हता, आणि आम्ही कधी जात्याचा विचारच केला नव्हता. हा समज आमच्या एकट्यांचा नव्हता. मेन राज्याने बंदी घातली तेव्हा आधी उघड्या शिशाच्या लहान जिगा धरल्या होत्या आणि रंगवलेल्या सोडून दिल्या होत्या. 2023 मध्ये कायदा बदलून रंगवलेल्याही त्यात आणाव्या लागल्या. न्यू हॅम्पशायरमध्ये एक औंसापर्यंतच्या शिशाच्या जिगांवर 2016 पासून बंदी आहे. ब्रिटनने तर हंस मरतात म्हणून 1987 मध्येच गरवण्याच्या लहान शिशांची विक्री थांबवली. मिनेसोटात राज्यभराची बंदी नाही. इथे प्रत्येकाने आपापल्या गॅरेजमध्ये ठरवायचं आहे. मला हे पुरेसं वाटत नाही. जो पक्षी राज्याच्या निशाणीत मिरवायचा, त्याच्यासाठी एवढं तरी लिहून ठेवायला हवं.

मावशीने काही जाहीर केलं नाही. सप्टेंबरात एक दिवस तिने तो कॉफीचा डबा माझ्या गाडीत ठेवला. त्यात अजून नवऱ्याने ओतलेल्या शंभर-दीडशे जिगा होत्या. काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर जाईपर्यंत तिने तो पायांत धरला होता. द्यायच्या आधी त्यातली एक काढून घेतली: साचा गार असताना ओतलेली, सुरकुतलेली, वाकडी. ती तिच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत आहे, बिनरंगाची.

मग आम्ही बिस्मथ आणि कथलाचा मिश्रधातू आणला, 58 आणि 42 टक्के. तो 138 अंशांनाच वितळतो, त्यामुळे ओतायला सोपा, साच्याचा कोपरा न् कोपरा भरणारा. ओतायला मी तेव्हाच शिकले. वीस जिगा ओतल्या, हलक्या हाताने तापवून रंगवल्या, भट्टीत टांगल्या. दहा मिनिटांनी डोकावले तर तारेला वीस नुसते गळ लोंबत होते. खाली ताटात चांदीसारखी थारोळी, आणि त्यांच्यावर रंगाच्या सुरकुतलेल्या साली. रंग घट्ट व्हायला 177 अंश लागतात आणि धातू 138 लाच सोडून जातो, या माहीत असलेल्या दोन्ही गोष्टी आम्हा दोघींपैकी एकीनेही शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. मावशी त्या गळांकडे बघत म्हणाली, तो असता तर त्याने आधी तापमान विचारलं असतं.

त्यानंतर नुसतं कथील. इंग्रजीत ‘टिन’ म्हटलं की माझ्या मनात बिस्किटांचा डबा येतो. दुकानातून आणलेल्या त्या कांड्या म्हणजे कथील, हे मला कांडी हातात वाकवेपर्यंत कळलं नाही. वाकवली आणि ती करकरली. दाताखाली बर्फ फुटावा तसा बारीक आवाज. कल्हईवाला कांडी कानाशी नेऊन वाकवायचा आणि आजी त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. शुद्ध कथील असं करकरतं. शिसं मिसळलेलं असलं की आवाज दबतो. आजीचा प्रश्न दर वर्षी एकच असायचा: शिसं नाही ना घातलंस? मी गॅरेजमध्ये उभी राहून ती कांडी पुन्हा पुन्हा वाकवली. मावशीच्याही कानाशी धरली.

कथील 232 अंशांना वितळतं, म्हणून 177 च्या भट्टीत ते निवांत राहतं. रंग त्यावर शिशापेक्षाही उजळ बसतो, कारण खालचा धातूच पांढरा. महाग आहे, शिशाच्या कितीतरी पट. आणि हलकं. शिशाची घनता 11.3, कथलाची 7.3, त्याच साच्यात ओतलेली जिग दोन-तृतीयांशही भरत नाही. मोठा साचा घेतला तर डोकं मोठं होतं आणि पाण्यात जड न वाटता फुगीर वाटतं. वारा असेल तर दोरीला बाक येतो आणि तळ लागल्याचं हाताला कळत नाही. पहिल्या मेमध्ये मला वाटलं, हात विसरला. मावशी मात्र पहिल्याच दिवशी शांत होती. ती आता होडीतून जिग सोडून मोजते, ज्योतीपाशी मोजायची तसं. शिसं असताना जिथे पाचला तळ लागायचा तिथे आता सात-आठपर्यंत थांबावं लागतं. त्या वाढलेल्या दोन-तीन आकड्यांत, जिग अजून पडत असताना, तिने गेल्या मेमध्ये पहिला वॉलाय धरला. वय 82. तो उचलून घेताना तिने आधी जिग सोडवून बघितली. काळा ठिपका किंचित पुढे होता.

संध्याकाळी मी बाबांना फोन केला. तिकडे पहाट होती, मागे कोंबडा आरवत होता. मी सगळं सांगितलं.

“कथील?” ते म्हणाले. “कल्हयचा?”

“होय.”

“आणि वर रंग?”

“वर रंग.”

पलीकडे थोडा वेळ शांतता. ते मनात तोलत असणार, तळहात थोडा वर करून.

“पण बुडता मां?”

“बुडता, बाबा. जरा सावकाश.”